गरम आमटी, प्लास्टिकची पिशवी आणि कायदा: नक्की नियम काय आहे?

पळसपान

नमस्कार मंडळी. आमच्या भागात (नाशिक) दोन पोळी-भाजी केंद्रं आहेत. नोकरी करणाऱ्या घरांचा संध्याकाळचा स्वयंपाक बराचसा तिथूनच येतो, आमचाही. पोळ्या कागदात, सुकी भाजी पातळ पिशवीत आणि आमटी किंवा रस्सा उकळत्या पातेल्यातून थेट पारदर्शक पिशवीत, वर रबर. केंद्रवाल्या काकांना विचारलं तर त्यांनी पिशव्यांचा गठ्ठा पुढे केला. "ताई, एक्कावन्न मायक्रॉनची आहे, सरकारमान्य."

काका खोटं बोलत नव्हते, त्यांना मनापासून तसं वाटतं. पण मायक्रॉनचा आणि आपल्या पोटाचा संबंध काय? जाड पिशवी म्हणजे अन्नासाठी चांगली पिशवी, असं कुठल्या नियमात लिहिलंय का? हॉटेलांतून येणाऱ्या काळ्या डब्यांचं काय? आणि हे तपासायचं कुणी: महापालिकेने, प्रदूषण मंडळाने की अन्न व औषध प्रशासनाने?

माझं मत आधीच सांगते. प्लास्टिकचा कचरा दिसतो म्हणून आपल्याकडे त्यावर आरडाओरडा होतो, नियम होतात, दंड होतात. अन्नात काय उतरतं ते दिसत नाही, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही. जाणकारांनी लिहावं. घरी लहान मुलं आहेत, विषय माझ्यासाठी जवळचा आहे.

चहाबाज

ऑफिसात अख्ख्या मजल्याचा चहा पिशवीत येतो. धागा वाचला आणि समोरचा कप खाली ठेवला. आता उत्तर मिळेपर्यंत पाणीच.

म्हावरेकर

@चहाबाज पाणी कशातून पिताय तेही सांगा 🙂

पॉलिमरवाला

फिल्म बनवणाऱ्या कारखान्यात माझी नोकरी गेली, म्हणजे आयुष्य त्यातच गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पन्नास मायक्रॉन म्हणजे ०.०५ मिलिमीटर. ही फक्त जाडी. पिशवी कोऱ्या दाण्याची (दाणा म्हणजे कच्चं प्लास्टिक) आहे की भंगार वितळवून केलेल्या दाण्याची, रंग कुठला घातलाय, शाई कुठली, यातलं काहीही मायक्रॉनवरून कळत नाही. भंगार दाण्याची एकशेवीस मायक्रॉनची पिशवी आरामात निघते. उलट पातळ असूनही पूर्ण कोऱ्या दाण्याची, अन्नाला योग्य अशी फिल्म असू शकते. बिस्किटाच्या पुड्याचं आतलं वेष्टन बघा, किती पातळ असतं.

मग जाडीचा नियम आला कशाला? कचऱ्यासाठी. पातळ पिशवी कचरावेचक उचलत नाही, कारण किलोभर जमवायला दिवस जातो आणि भाव मिळत नाही. पिशवी जाड केली की महाग होते, दुकानदार फुकट देत नाही, आणि टाकली तरी कुणीतरी उचलतो. हे तर्कशास्त्र बरोबर आहे. म्हणूनच केंद्र सरकारने हातपिशवीची जाडी वाढवत नेली: २०११ ला ४० मायक्रॉन, २०१६ ला ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. पण हे सगळे पर्यावरण खात्याचे नियम. तुमच्या आमटीसाठी ते लिहिलेलेच नाहीत.

अन्नासाठीचा नियम वेगळा. एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे पॅकेजिंग नियम, २०१८. लागू झाले १ जुलै २०१९ पासून. त्यात मायक्रॉनवर भर नाही, पिशवीतून अन्नात किती उतरतं यावर आहे. एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा पृष्ठभागावर मोजायचं तर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. शिवाय काही धातूंना वेगळ्या मर्यादा. कुठलं प्लास्टिक कुठल्या भारतीय मानकात बसलं पाहिजे तेही दिलंय: पॉलिथिनला आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलिनला आयएस १०९१०, पेटला (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आयएस १२२५२.

म्हणजे काकांचा गठ्ठा एका परीक्षेत पास आहे की नाही ते सांगतो. दुसरी परीक्षा त्याने दिलीच आहे का, हे त्यांना माहीत नाही आणि विचारायचं असतं हेही त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मुळामुठा

पॉलिमरवाला, माहिती उत्तम, पण पहिल्याच परीक्षेला तुम्ही कमी लेखताय असं वाटतं. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या. पुढच्या वर्षी राज्याने ५० मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर बंदी आणली. केंद्राला तोच आकडा गाठायला २०१६ उजाडलं. आपलं राज्य दहा वर्षं पुढे होतं. हे सांगायला मला अभिमान वाटतो.

आणि धागाकर्तीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर तर राज्याच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेतच आहे. त्या यादीत पिशव्या आहेत, ताट-वाट्या-चमचे आहेत, हॉटेलात अन्न बांधून द्यायच्या एकदाच वापरायच्या डिश आणि वाट्या आहेत, आणि द्रवपदार्थ ठेवायचे कप आणि पाऊचसुद्धा आहेत. रस्सा बांधायची पिशवी म्हणजे दुसरं काय? तिची जाडी एक्कावन्न असो वा एकशे एक. २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद. रामदास कदम पर्यावरणमंत्री होते, उच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली होती. नंतर किराणा दुकानदारांना ५० मायक्रॉनच्या वरच्या वेष्टनाची सवलत अटींवर मिळाली. काकांचा "एक्कावन्न" बहुधा तिथून आलाय. ती सवलत साखर-डाळीच्या पुड्यांची, उकळत्या आमटीची नव्हे.

पळसपान

@मुळामुठा, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे जी गोष्ट रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालते ती २०१८ पासून यादीत आहे?

मुळामुठा

हो. म्हणून म्हणतो, नवे नियम नकोत, आहेत ते पाळा.

खानावळवाला

कोल्हापुरात माझी छोटी खानावळ हाय. आता माझं बी ऐका.

२०१८ ला बंदी आली तेव्हा मी पिशव्या बंद केल्या. मनापासून केल्या. गिऱ्हाईक आलं की सांगायचो, पाव्हणं, डबा आणा. निम्मे आणायचे, निम्मे शेजारच्या दुकानात जायचे, तिथं पिशवीत मिळायचं. सहा महिन्यांत माझा पार्सलचा धंदा पार बसला. मग डबे घेतले. पिशवी पैशांत पडते, डबा रुपयांत. तांबडा, पांढरा, सुकं, भात, असं एका पार्सलला चार डबे लागतात. तो पैसा गिऱ्हाइकाच्या बिलात घातला की ते म्हणतं महाग झालं.

वर पथक येतं. त्यांच्या हातात जाडी मोजायचं यंत्र असतं. डबा अन्नाच्या दर्जाचा हाय का, असं मला आजवर एकानंबी विचारलं नाही. एकदा चांगल्या डब्यांसाठी दंड भरलाय, आणि भंगार मालाच्या पिशव्यांना त्याच बाजारात कुणी हात लावला नाही. मुळामुठा, तुम्ही म्हणता आहे ते पाळा. मी पाळायला तयार हाय. पण कारखान्यापासून माझ्या गल्ल्यापर्यंत पिशवी चार हात बदलून येते. त्या चौघांना सोडून शेवटच्याला धरायचं, याला पाळणं म्हणत न्हाईत.

मुळामुठा

@खानावळवाला, तुमचा राग रास्त आहे. बनवणाऱ्याला धरायला हवं, सहमत.

लॅबकन्या

अन्नतंत्रज्ञानाचं शिक्षण झालंय आणि वेष्टनांच्या चाचण्या केल्या आहेत. "उतरणं" म्हणजे काय ते सांगते, मग प्रश्न सोपा होईल.

प्लास्टिक म्हणजे फक्त रेणूंच्या लांब साखळ्या नसतात. त्यात न जोडलेले छोटे रेणू राहिलेले असतात, शिवाय ते लवचीक, चकचकीत, टिकाऊ व्हावं म्हणून घातलेली रसायनं असतात. लांब साखळी हलत नाही, छोटे रेणू हलतात. त्यांना हलवणाऱ्या गोष्टी चार: उष्णता, तेल-तूप, आंबटपणा आणि वेळ. आपली आमटी बघा. उकळती आहे, वर तेलाची तर्री आहे, चिंच किंवा आमसूल आहे. फक्त वेळ तेवढा कमी आहे.

प्रयोगशाळेत आम्ही खरी आमटी घेत नाही. अन्नाची जागा घेणारी द्रावणं घेतो: साध्या पदार्थांना पाणी, आंबट पदार्थांना ३ टक्के ॲसेटिक आम्ल, तेलकट पदार्थांना हेप्टेन. आयएस ९८४५ मध्ये पद्धत दिली आहे. वापर कसा होणार त्यावर तापमान आणि वेळ ठरते, उदाहरणार्थ साठवणुकीच्या मालाला ४० अंशांवर दहा दिवस. शेवटी द्रावण आटवून मागे काय राहिलं त्याचं वजन करायचं.

आणि इथेच मेख आहे. साखर भरायला म्हणून पास झालेली पिशवी उकळत्या रश्शासाठी पास झालेली नसते. साध्या पॉलिथिनची पातळ पिशवी नव्वदीच्या आसपास नरम पडायला लागते. तुम्ही रस्सा ओतल्यावर ती जी लिबलिबीत होते ना, ते डोळ्यांना दिसणारं लक्षण आहे. नियम म्हणतो वेष्टन त्या वापराला योग्य हवं. त्यामुळे "फूड ग्रेड आहे" एवढं उत्तर अपुरं आहे. पुढचा प्रश्न: कशासाठी?

चहाबाज

मी ऑफिसात किटली मागवली. शिपाईकाका म्हणाले, पूर्वी किटलीच होती, कपाटावर पडली असेल. खरंच होती.

कागदीघोडा

एवढं डोकं कशाला लावायचं? कागदी कप, कागदी डबे वापरा. प्रश्न मिटला.

लॅबकन्या

@कागदीघोडा नाही मिटला. कागद चहा धरत नाही. आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, बहुतेकदा पॉलिथिनचाच. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी तपासलं होतं: ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी कपात पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात मायक्रॉन आकाराचे सुमारे २५,००० कण आले. कण शरीरात जाऊन नक्की काय करतात यावर अजून अभ्यास चालू आहे, म्हणून मी घाबरवत नाही. पण "कागद म्हणजे निर्धोक" हे चूक आहे, आणि असा कप भंगारातही सहज जात नाही.

म्हावरेकर

कागदावरनं आठवलं. आमच्याकडे (रत्नागिरी) बाजारात सुकी मासळी वर्तमानपत्रात बांधून मिळायची. लहानपणी बांगड्यावर उलट्या अक्षरांत बातमी वाचलेली आहे. आता वाटतं, ती शाई कुठे गेली? पोटात.

पॉलिमरवाला

@म्हावरेकर अगदी. वर्तमानपत्रात अन्न बांधणं २०१८ च्या नियमांत सरळ मना आहे. त्याआधी २०१६ लाही एफएसएसएआयने सूचना काढली होती आणि २०२३ ला पुन्हा बजावलं. छपाईच्या शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात, आणि गरम वड्याचं तेल ती शाई ओढून घेतं. तरी वडापाव वर्तमानपत्रात मिळतोच. लोकांना प्लास्टिकची भीती आहे, कागदावर आंधळा विश्वास आहे.

म्हावरेकर

वडापावाला केळीचं पान कुणी देत नाही हे दुर्दैव. आमच्या परसात पानं कुजून जातात.

मुळामुठा

विदर्भात, मेळघाटात पळसाच्या पानांच्या पत्रावळी-द्रोण लावणाऱ्या बायका आहेत. साखर कारखान्यांच्या चिपाडापासून ताटं होतात, ऊस आपल्याकडे कमी नाही. सरकारने बंदीच्या दिवशीच या मालाची हमीची खरेदी जाहीर केली असती तर खानावळवाल्यांवर ही वेळ आली नसती.

खानावळवाला

द्रोणात पांढरा रस्सा रंकाळ्यापर्यंत नेऊन दाखवा, तुमचं जेवण माझ्याकडं 😀 सुक्या पदार्थाला पत्रावळ झकास, पातळाला भांडंच लागतं.

घरगुती_फराळ

डोंबिवलीत माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. चिवडा, चकली, लाडू. छोट्या उद्योजकाला हे नियम कसे दिसतात ते लिहिते.

नोंदणी सोपी आहे. मी केली तेव्हा वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असेल तर फक्त नोंदणी होती, वर्षाला १०० रुपये. ती केली आणि वाटलं झालं. मग एका मोठ्या दुकानाने माल ठेवायला घेताना विचारलं, पाऊचचा दाखला कुठे आहे? तेव्हा कळलं की अन्नाला थेट लागणाऱ्या वेष्टनासाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं अनुरूपतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मी पाऊच किलोवर घेत होते. दुकानदाराकडे दाखला नव्हता, त्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे नव्हता. शेवटी पाऊच बनवणाऱ्याला गाठलं. त्याच्याकडे होता! व्यवस्थित होता. मधल्या साखळीत कुणी मागत नाही म्हणून खाली येत नाही.

चिवड्याला हे महत्त्वाचं आहे बरं. तळलेला माल महिना-दीड महिना पाऊचमध्ये राहतो. लॅबकन्यांनी सांगितलेल्या चारांपैकी तेल आणि वेळ माझ्या वाट्याला आले. माझा चिवडा लोक मुलांना डब्यात देतात. मला रात्री झोप लागायला हवी ना.

आणखी एक. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची ती पारदर्शक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, स्ट्रॉ आणि प्लास्टिकच्या चमच्यांबरोबर. दिवाळीत भेटखोकी करणाऱ्या मैत्रिणींनी लक्षात ठेवा. मी सुती दोरी बांधते, छान दिसते.

स्टुटगार्टची_मावशी

इथून (जर्मनी) दोन गोष्टी सांगते, फुशारकी म्हणून नाही, तुलनेला उपयोगी पडतील म्हणून.

एक. २०२३ पासून इथे पार्सल देणाऱ्या हॉटेलांना परत करता येणाऱ्या भांड्याचा पर्याय ठेवावाच लागतो, अनामत घेऊन. छोट्या दुकानांना, म्हणजे पाच माणसं आणि ८० चौरस मीटरपर्यंतच्या, यातून सूट. पण गिऱ्हाईक स्वतःचा डबा घेऊन आलं तर त्यांनी तो भरून दिलाच पाहिजे. मी इथे स्टीलचा पुडाचा डबा घेऊन जाते, माझ्याकडे लोक कौतुकाने बघतात.

दोन. आमच्याजवळच्या ट्युबिंगन शहराने २०२२ पासून टाकाऊ कप-डब्यांवर कर बसवला, एका डब्याला ५० सेंट. एका मोठ्या खाद्यसाखळीच्या तिथल्या शाखेने न्यायालयात आव्हान दिलं. २०२५ च्या जानेवारीत घटनात्मक न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. खानावळवाल्यांच्या मुद्द्याचं हे उत्तर वाटतं मला. सगळ्यांनाच कर लागला की पिशवीवाला शेजारी स्वस्त पडत नाही.

खानावळवाला

मावशी, तेच म्हणतोय मी. सगळ्यांना सारखा नियम लावा, मी पहिला उभा राहतो.

हिशेबनीस

इथे एक मोठी गोष्ट राहून जातेय. पर्यावरणाचे आणि अन्नाचे नियम आता एकमेकांना भिडतायत. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या उत्पादक-जबाबदारीच्या (प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यानेच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची) मार्गदर्शक सूचनांनुसार बाटल्यांसारख्या कडक वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापराचं प्लास्टिक हवं, आणि दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत २०२८-२९ ला ६० टक्के. आणि अन्नाचे नियम वर्षानुवर्षं सांगत होते की अन्नाच्या वेष्टनात पुनर्वापराचं प्लास्टिक नको. १९९९ च्या केंद्राच्या नियमांतही भंगार प्लास्टिकच्या पिशवीत खाद्यपदार्थ देऊ नयेत असं होतं.

पॉलिमरवाला

@हिशेबनीस म्हणूनच एफएसएसएआयने पेटसाठी वेगळी वाट काढली. बाटलीची बाटली होऊ शकते, पण त्यासाठी धुणं, उच्च तापमानाला निर्वात स्थितीत शुद्ध करणं, आधी त्यात काय काय शोषलं गेलं असेल ते बाहेर काढणं, हे सगळं सिद्ध करावं लागतं. पेट त्यातल्या त्यात कमी शोषून घेणारं. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन जास्त शोषून घेतात. फिनेलच्या डब्यातला दाणा चटणीच्या पाऊचमध्ये गेलेला कुणाला चालेल?

भीती वेगळीच आहे. परवानगी पेटच्या तपासलेल्या प्रक्रियेला आहे. बाजारात मात्र "आता रिसायकल चालतं" एवढंच पोचेल आणि गल्लीतला भंगार दाणा त्याच नावावर खपेल. यावर आत्ताच लक्ष ठेवलं नाही तर दहा वर्षांनी आपण पुन्हा धागा काढू.

आरेची_बाटली

माझ्या नावावरून वय कळेलच. मुंबईत आरेच्या केंद्रावर काचेच्या बाटल्या द्यायचो, भरलेल्या घ्यायचो, रंगीत पातळ पत्र्याचं झाकण. पिशवी आली आणि सगळं सोपं झालं, हेही खरं आहे. पहाटे काचा फुटायच्या, दूध सांडायचं, बाटल्या धुवायला पाणी किती लागायचं.

२०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या परत घ्यायची तरतूद होती, पिशवीमागे ५० पैसे छापायचे. कल्पना उत्तम. आमच्या भागात परत घेणारा मला कधी भेटला नाही. धुऊन, वाळवून, चळत करून ठेवल्या, शेवटी भंगारवाल्याला दिल्या. मावशींच्या देशात बाटली परत घेणारी यंत्रं दुकानातच असतात ना?

स्टुटगार्टची_मावशी

हो, टाकाऊ बाटलीवर २५ सेंट अनामत, २००३ पासून. दुकानदाराला परत घ्यावीच लागते. पैसे मोठे आहेत म्हणून रस्त्यावर बाटली दिसत नाही. ५० पैशांसाठी कोण जाईल?

पोटतिडीक

मध्येच विचारते. मुलाच्या पाण्याच्या बाटलीवर बीपीए फ्री लिहिलंय. म्हणजे ती सुरक्षित ना? आणि युरोपात त्यावर बंदी आलीय म्हणे.

लॅबकन्या

@पोटतिडीक बीपीए (बिस्फेनॉल ए) हे रसायन पॉलिकार्बोनेट बनवायला लागतं, म्हणजे ते काचेसारखं कडक प्लास्टिक, वीस लिटरचे काही जार त्याचे असतात. आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या लेपात असतं. पॉलिप्रॉपिलिन, पॉलिथिन, पेट बनवताना ते लागतच नाही. त्यामुळे पॉलिप्रॉपिलिनच्या बाटलीवर "बीपीए फ्री" लिहिलं तर ते खरंच आहे, फक्त त्यातून इतर काही कळत नाही. कडक उन्हात गाडीत ठेवू नका, गरम पाणी भरू नका, ओरखडे पडले की बदला. स्टीलची मिळाली तर सगळ्यात बरं.

युरोपचं खरं आहे. तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ ला बीपीएची रोजची सुरक्षित मात्रा आधीच्या वीस हजारांश इतकी खाली आणली. त्यानंतर अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बंदीचा नियम आला, २० जानेवारी २०२५ पासून लागू, बहुतेक वस्तूंना दीड वर्षाची मुदत देऊन. आपल्याकडे बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी २०१५ च्या मानकाने बीपीए काढलं. बाटलीत थांबण्याचं कारण नाही, लेपांकडेही जायला हवं.

कागदीघोडा

@लॅबकन्या वरचं वाचलं. घरातल्या डब्यांच्या तळाशी बघतोय, त्रिकोणात आकडे आहेत. याचा अर्थ?

लॅबकन्या

१ पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलिन, ६ पॉलिस्टायरिन, ७ म्हणजे उरलेलं काहीही. हा भंगार वर्गवारीचा आकडा आहे, दर्जाचं प्रशस्तिपत्र नाही. पण गरम अन्नासाठी निवडायला मदत होते. ६ मध्ये गरम काही घालू नका, ३ मध्ये तेलकट नको.

पळसपान

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुन्हा मूळ प्रश्नावर येते. काकांशी पुन्हा बोलले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पिशवी सोडतो, पण मग काळे डबे घेऊ का? आणि काय बघून घेऊ?" तपासायचं कुणी, तेही अजून राहिलंय.

पॉलिमरवाला

तीन गोष्टी सांगा त्यांना. पॉलिप्रॉपिलिनचा डबा घ्या, तळाशी ५ आणि बनवणाऱ्याचं नाव हवं. नाव नसलेला डबा घेऊच नका. बिलावर "फूड ग्रेड, कोरा माल" असं लिहून घ्या, तोंडी नको. आणि आयएस १०९१० नुसार तपासणीचा दाखला मागा, त्यात गरम पदार्थाची अट धरली होती का ते विचारा. काळा रंग गुन्हा नाही, पण काळ्यात कुठलाही भंगार दाणा लपतो. मी पांढरा किंवा पारदर्शक घेईन. फक्त पथकाने विचारलं तर २०१८ च्या यादीचा प्रश्न येणार. पुरवठादार म्हणतात, हा धुऊन परत वापरायचा डबा आहे. तसा तो खरंच जाड असेल तरच घ्या. नाहीतर गिऱ्हाइकाचा स्टीलचा डबा, यापेक्षा सुटसुटीत काही नाही.

लॅबकन्या

तपासण्याबद्दल: जाडी आणि बंदी हे महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम, अन्नाच्या दर्जाचं वेष्टन हे अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं. तक्रार एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवरही करता येते. वर्तमानपत्रात बांधलेलं अन्न असेल तर फोटो जोडा, त्यात वादाला जागा नाही. पण कृपा करून काकांसारख्या माणसापासून सुरुवात करू नका. तक्रारीत पिशवीच्या गठ्ठ्यावरचं बनवणाऱ्याचं नाव लिहा, किंवा नाव छापलेलं नाही हे लिहा.

खानावळवाला

माझ्या पुरवठादाराला आज दाखला मागितला. पहिल्यांदा म्हणाला कशाला पाहिजे. मग म्हणाला मुंबईहून मागवतो, आठवडा लागंल. आणि फळ्यावर लिहिलंय, स्वतःचा डबा आणला तर पार्सलला पाच रुपये कमी. आज तिघं डबे घेऊन आले.

घरगुती_फराळ

@खानावळवाला दाखला आला की त्यावरचं फिल्मचं किंवा डब्याचं वर्णन तुमच्या मालाशी जुळतं का ते नीट बघा. मला एकाने पारदर्शक फिल्मचा दाखला रंगीत पाऊचसाठी दिला होता. रंग बदलला की दाखला वेगळा हवा, रंगासाठी वेगळं मानक आहे, आयएस ९८३३. तारीखही बघा.

खानावळवाला

लिहून घेतलं ताई.